घुशीच्या नावाची गोष्ट

मंडळी, घूस कुणाला ठाऊक नाही? घराचा पाया पोखरते, बांधाला भगदाड पाडते, भाताच्या लोंब्या तोडून बिळात नेऊन साठवते. या आपल्या जुन्या शत्रूला इंग्रजीत ‘बँडिकूट’ म्हणतात. शब्द ऐकून वाटते, असेल काहीतरी विलायती. पण नाही; तो आला आपल्या शेजारच्या तेलुगू मुलखातून.

तेलुगूत ‘पंदि’ म्हणजे डुक्कर आणि ‘कोक्कु’ म्हणजे मोठा उंदीर. ‘पंदिकोक्कु’ म्हणजे डुक्कर-उंदीर! कोंडीत सापडलेली घूस केस फुलवून कशी गुरगुरते, हे ज्याने ऐकले आहे त्याला या नावाचा अर्थ समजावून सांगायला नको.

नाव ठाऊक नसले की वर्णनावर भागवावे लागते. चौदाव्या शतकात इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी आपल्या दौलताबादेस आला होता. तिथल्या अंधारकोठडीत मांजराहून मोठे उंदीर आहेत, असे त्याने लिहून ठेवले. १८८६ साली निघालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशाने ही हकीकत ‘बँडिकूट’ याच शब्दाखाली दिली आहे.

तेलुगू किनाऱ्यावर मच्छलीपट्टणला १६११ सालीच इंग्रजांची वखार झाली होती. पुढे इंग्रजांनी हा शब्द उचलला खरा, पण घेतला तो नुसता आवाज. त्यातले डुक्करही गेले आणि उंदीरही गेला. मग १७९९ साली जॉर्ज बास या प्रवाशाने तेच नाव ऑस्ट्रेलियातल्या एका लांब नाकाच्या प्राण्याला लावले. तो बिचारा उंदरांच्या जातीचाच नव्हे! कांगारूसारखी त्याच्या मादीला पिलांसाठी पिशवी असते. पुढे १८७३ साली ग्रे या प्राणिशास्त्रज्ञाने घुशींना ‘बँडिकोटा’ हे शास्त्रीय नाव दिले, आणि शब्द पुन्हा मूळ धन्याकडे आला.

पाहा, शास्त्राच्या ग्रंथात बसलेला हा शब्द मुळात घडवला तो बोलीतल्या माणसांनी. त्यांची नावे कुठे नोंदलेली नाहीत. त्यांची पारख मात्र त्या शब्दात राहिली आहे.

म्हणून गुरुजी, एक करा. गावात उंदराघुशींना, पाखरांना, तणांना काय काय म्हणतात, ते मुलांकडून लिहून आणवा. नुसते नाव नको, ते का पडले हेही आजी-आजोबांना विचारायला सांगा. सांगणारी माणसे आहेत तोवरच हे विचारून घ्यायचे. नंतर नाव तेवढे उरते, अर्थ निघून जातो.