फाशीआधी छापलेला पश्चात्ताप

लंडनच्या सेव्हन डायल्स वस्तीत १८१३ साली जेम्स कॅटनाकने छापखाना थाटला. एका कथागीतामागे कवीला शिलिंगभर मोबदला. विक्रेते रस्त्यावर गात एकेक कागद अर्ध्या-एक पेनीला विकत. चाल कागदावर नसे, ती विक्रेत्याच्या गळ्यात. तडाखेबंद खप फाशीच्या गाण्यांचा. १८२८ मध्ये खुनी विल्यम कॉर्डरच्या फाशीची पत्रके म्हणे ११ लाखांवर खपली. आकडा मला फुगवलेला वाटतो. पण खटकते ते वेगळेच. ‘मी’ म्हणून पश्चात्ताप करणारी अशी गाणी बरेचदा माणूस फासावर चढण्याआधीच छापून तयार असत. आपला शाहीर शेवटच्या कडव्यात स्वतःचे नाव गुंफतो. इथे कवी निनावी, ‘मी’ मात्र गुन्हेगाराचा. आणि त्याला विचारायला कोठडीत कुणी गेलेले नसे.