बाळंतिणीची खोली, शेत आणि गिरणी : दक्षिण कोकणातील कुटुंबातील शिशुसंगोपनाच्या श्रमांचा इतिहास (वालावल परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना

कर्ली नदीकाठी वसलेले कुडाळ तालुक्यातील वालावल हे गाव लक्ष्मीनारायणाचे मंदिर व त्यालगतचा विस्तीर्ण तलाव यांमुळे सर्वपरिचित आहे. अशा गावाचा इतिहास लिहावयाचा झाल्यास लेखणी स्वाभाविकच मंदिराचे स्थापत्य, देवस्थानाचे मानपान आणि सावंतवाडी संस्थानचा कारभार यांकडे वळते. त्याच गावातील एखाद्या घरात मूल जन्माला आल्यावर त्या घराचा दिनक्रम कसा बदलत असे, वाढलेले काम कोणाच्या वाट्याला येत असे आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे प्रश्न मात्र इतिहासाच्या कक्षेबाहेर राहिले आहेत. प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा विचार केला आहे. बाळंतपणाचे विधी व आहार यांविषयी लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी पुष्कळ लिहिले आहे; येथे भर आहे तो श्रमांवर.

सोयर : विटाळ की विश्रांती?

बाळंतपणानंतरचे दहा दिवस सोयराचे. बाळंतीण वेगळ्या खोलीत, बाजेवर. तिने चुलीला, देवाला, पाण्याच्या कळशीला शिवायचे नाही. पाचवी-सटीचे पूजन आणि बाराव्या दिवशीचे बारसे पार पडले तरी सव्वा महिन्यापर्यंत तिचा वावर मर्यादितच असे. सुधारणावादी लेखनात या प्रथेची चिकित्सा शुद्धाशुद्धतेच्या अंगाने झाली आणि ती योग्यच होती. अंधारी, धुराने कोंदलेली खोली आरोग्याला पोषक नव्हती, यातही शंका नाही. तथापि श्रमाच्या दृष्टीने पाहता, वर्षाचे बाराही महिने राबणाऱ्या सुनेला समाजमान्य अशी जी एकमेव रजा मिळत होती ती हीच होती. विश्रांती हा तिचा हक्क आहे असे म्हणण्याची ज्या समाजाची तयारी नव्हती, त्याने विटाळाच्या नावाने का होईना, तिला चुलीपासून दूर ठेवले.

मात्र ही रजा सर्व घरांत सारखी नव्हती. ज्या घरात सासू, जाऊ, विधवा नणंद किंवा कामाची बाई होती तेथेच ती पाळली जाई. कुळाच्या वा मजुराच्या घरात बारसे होताच बाईचे हात कामाला लागत. लावणीचे दिवस असतील तर त्याहून आधीही. सोयराचे नियम जितके कडक तितके ते घर मनुष्यबळाने सधन, असे म्हणावयास हरकत नाही.

पहिले बाळंतपण माहेरी करण्याच्या रूढीचाही असाच विचार करता येतो. माहेरचे सुख हा मराठी स्त्रीजीवनातील जिव्हाळ्याचा विषय खरा. पण माहेरी गेलेल्या मुलीचे तेल-न्हाणे, शेक-धुरी, खुराक हे सारे वृद्ध आईबरोबर वहिनीच्या अंगावर पडत असे. एका घरची सून विसावत असे तेव्हा दुसऱ्या घरची सून राबत असे.

पावसाळ्यातील बाळ

नव्या बाळाच्या घरातील काम म्हणजे नेमके किती, याची कल्पना कोकणातील पावसाळा डोळ्यांसमोर आणल्याखेरीज येत नाही. बाळ-बाळंतिणीला रोज कढत पाण्याने न्हाऊ घालावयाचे, म्हणजे विहिरीचे वाढीव पाणी ओढणे आले आणि हंडाभर पाणी तापविण्याइतके कोरडे जळण आले. नारळाची चुडते, सोडणे आणि लाकूडफाटा मे महिन्यातच साठवून ठेवावा लागे. तो कमी पडला तर ओल्या लाकडाच्या धुरात डोळे चुरचुरत. लंगोट आणि दुपटी आठ-आठ दिवस वाळत नसत. मग निखाऱ्यांवर टोपली पालथी घालून तिच्यावर एकेक कपडा फिरवीत सुकवायचा. हे काम घरातील म्हातारी करी आणि ‘ती काय, बसूनच असते’ असे तिच्याविषयी म्हटले जाई. शिवाय सहाणेवर मुरुडशेंग, वेखंड, जायफळ, हळकुंड यांचे मोजके वळसे देऊन बाळगुटी उगाळणे, अळीव-डिंकाचा खुराक, बाळंतिणीसाठी वेगळी पेज, धुरीसाठी ओवा व बाळंतशोपा हे होतेच. घरातील इतरांची उकड्या तांदळाची पेज, गुरांचे चारापाणी, शेण-गोठा यांतून कोणाचीच सुटका नव्हती.

याच सुमारास शेतात तरवा काढून लावणी चालू असे. भाताची लावणी हे प्रामुख्याने स्त्रियांचे काम. पुरुष गावात असले तरी ते नांगर धरीत; चिखलात ओणवे राहून रोपे लावणारे हात बायकांचेच असत. तान्हे मूल असलेल्या बाईपुढे दोनच मार्ग होते. मुलाला घोंगडीत गुंडाळून बांधावर ठेवायचे किंवा घरी सोडून पाजण्यापुरते परत यायचे. दुसरा मार्ग पत्करला तर घरी मुलाजवळ कोणीतरी हवे आणि ते ‘कोणीतरी’ बहुधा आठ-दहा वर्षांची थोरली बहीण असे. धाकट्या भावंडाला कडेवर घेतलेली मुलगी हे कोकणातील इतके नित्याचे दृश्य होते की त्याची नोंद करावी असे कोणास वाटले नाही. शाळा जूनमध्ये सुरू होते आणि लावणीही जूनमध्येच. मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा १९४७ साली झाला. परंतु शाळेच्या हजेरीपटावरील मुलींची गैरहजेरी आणि घरातील पाळणा यांचा संबंध जोडून पाहिल्याशिवाय मुलींच्या शिक्षणाचा ग्रामीण इतिहास पुरा होणार नाही. आईला मिळालेल्या थोड्याशा उसंतीची किंमत अनेकदा थोरल्या लेकीच्या इयत्तांनी चुकती केली आहे.

गिरणीची बाजू

१८५० च्या दशकात मुंबईत कापड गिरण्या उभ्या राहू लागल्या आणि त्यांना सर्वाधिक कामगार पुरविणाऱ्या प्रदेशांत तत्कालीन रत्नागिरी जिल्हा व सावंतवाडी संस्थान अग्रभागी राहिले. १८८० पासून टपाल खात्याची मनिऑर्डर सुरू झाली आणि कोकणातील घर तिच्यावर चालू लागले. या ‘मनिऑर्डर अर्थव्यवस्थे’ची चर्चा भरपूर झाली आहे. मुंबईहून येणारे रुपये मोजता येत होते म्हणून ती झाली. गावाकडून मुंबईला जे जात होते ते मात्र जमाखर्चात आले नाही. गिरणीत उभा राहणारा प्रत्येक तरुण कामगार कोकणातील कोणत्या ना कोणत्या बाईने चौदा-पंधरा वर्षे वाढविलेला होता; गिरणीमालकाला तो तयार मिळाला.

गिरण्यांत स्त्रियाही होत्या. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरणी कामगारांत त्यांचे प्रमाण सुमारे एकपंचमांश होते. मुंबई सरकारने स्त्री-कामगारांच्या स्थितीच्या पाहणीसाठी नेमलेल्या डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांच्या १९२२ च्या अहवालातून, कामावर जाणाऱ्या माता तान्ह्या मुलांना अफूची गोळी देऊन निजवीत असल्याचे उघड झाले. या गोष्टीकडे मातांचे अज्ञान म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. वस्तुतः ज्या चाळीत म्हातारी नाही, थोरली बहीण नाही, जाऊ नाही, तेथे त्या तिघींची जागा अफूने घेतली होती. म्हणूनच ज्यांना शक्य होते त्या कोकणी स्त्रिया बाळंतपणासाठी गावी परतत. तोही प्रवास सोपा नव्हता. मालवण, वेंगुर्ले येथे येणाऱ्या आगबोटी पावसाळ्यात बंद राहत. आषाढ-श्रावणात बाळंत होणार असलेल्या बाईला वैशाखातच निघणे भाग होते, म्हणजे तितक्या दिवसांचा रोजगार बुडणे आलेच.

बाळंतपणाची भरपाई मिळावी यासाठी ना. म. जोशी यांनी केंद्रीय विधिमंडळात १९२४ मध्ये आणलेले विधेयक फेटाळले गेले. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात हा विषय आला तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी विधेयकाला पाठिंबा दिला. मातेला प्रसूतीपूर्वी व प्रसूतीनंतर विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, सबब या खर्चाचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. १९२९ साली मुंबई प्रसूती लाभ कायदा झाला आणि गिरणीतील स्त्रीला दिवसाला आठ आणे मिळण्याची तरतूद झाली. मूल वाढविणे हे केवळ घराचे काम नाही, ही मान्यता या प्रांतात प्रथमच कायद्याच्या भाषेत आली. परंतु हा कायदा कारखान्याच्या फाटकापाशी थांबला. वालावलच्या मळ्यात लावणी करणारी बाई त्याच्या व्याख्येत बसत नव्हती. ती कोणाची कामगारच नव्हती.

मोजदाद आणि आजची स्थिती

पुढे १९६१ चा प्रसूती लाभ कायदा आला आणि २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी रजा २६ आठवडे झाली. असंघटित क्षेत्रातील व घरी काम करणाऱ्या मातांसाठी त्याच वर्षी प्रधानमंत्री मातृवंदना योजना सुरू झाली. पहिल्या अपत्यासाठी पाच हजार रुपये. एकीकडे सहा महिन्यांचे वेतन आणि दुसरीकडे ही रक्कम, यांतील तफावत फाटकाच्या आतल्या आणि बाहेरच्या बाईमधील जुनीच तफावत आहे.

जनगणनेने गृहकाम करणाऱ्या स्त्रीला ‘काम न करणारी’ या रकान्यात टाकले. वेळेच्या विनियोगाची पहिली अखिल भारतीय पाहणी झाली ती २०१९ मध्ये. तीनुसार, घरकामात सहभागी असलेल्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे विनामोबदला घरकाम करीत होत्या, तर पुरुष ९७ मिनिटे. २०२४ च्या पाहणीत हे आकडे अनुक्रमे २८९ व ८८ असे आले. स्त्रियांची दहा मिनिटे कमी झाली, पण ती पुरुषांनी उचलली नाहीत, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे स्त्रिया २००१ मध्ये १०७९ होत्या, त्या २०११ मध्ये १०३६ झाल्या. याच दशकात जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आली. पुरुषांपाठोपाठ तरुण कुटुंबेही गाव सोडून जात असल्याचे यातून सूचित होते. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडकळीस आल्या, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, तरी मुंबईची ओढ संपली नाही. बदलली ती बाळंतपणाच्या प्रवासाची दिशा. पूर्वी लेक आगबोटीने गावी येई. आता लेकीला किंवा सुनेला नोकरीवर परतायचे असते म्हणून आजी कुडाळ स्थानकावरून रेल्वेने डोंबिवली-विरारला जाते. सोबत अळिवाची पुडी, नाचणीचे सत्त्व, सहाण आणि गुटीची मात्रा. पाळणाघराचे दर वाढले की तिचा मुक्काम वाढतो. मागे वालावलसारख्या गावातील घरात म्हातारा एकटा राहतो, नाही तर घराला कुलूप लागते आणि तिच्या वाट्याची भातजमीन त्या वर्षी पड राहते.