मांडलेला डाव

आपल्या भाषेत ‘मांडणे’ हे क्रियापद मोठे विलक्षण आहे. ओसरीवर पट मांडला की खेळास आरंभ होतो. आणि त्याच खेळाची सोंगटी फडताळात नीट मांडून ठेवली की खेळ संपतो. आज आपल्याशी ज्या विषयावर चार शब्द बोलावयाचे योजिले आहे, तो या दोन मांडण्यांतील अंतराचा आहे. खेळाची मूल्यवान साधने खेळण्यासाठी बाळगावी, की पाहण्यासाठी? प्रश्न प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटेल. परंतु त्यात एका इतिहासाचे सार आहे.

निमित्त घडले ते सोलापूरच्या एका परिचितांच्या दिवाणखान्यात. तेथे काचेच्या कपाटात एक सुरेख लाकडी पेटी होती व आत मखमलीच्या खाचांत रंगीत गोल चकत्यांच्या चवडी. पोकर नावाच्या पत्त्यांच्या खेळात पैशाऐवजी ज्या चकत्या पुढे सारतात, त्या या. मी एक उचलू लागलो, तोच यजमान म्हणाले, “गुरुजी, हात लावू नका, चकाकी जाते.” मी विचारले, “आपण खेळता का?” ते हसून उत्तरले, “छे! मला तो खेळ येतच नाही.”

घरी परतताना मनात आले की, हा छंद काही आजचा नव्हे. पैशाच्या जागी खूण ठेवून खेळण्याची चाल सर्वत्र जुनी आहे. आपल्याकडे कवडी हे एके काळी चलनही होते आणि खेळाचे साधनही. अठराव्या शतकात इंग्लंडमधील श्रीमंत घराणी चीनमधील कँटन बंदरातून शिंपल्याच्या चकत्या करवून आणीत व त्यांवर आपल्या कुळाचे चिन्ह कोरवून घेत. पोकर अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात मिसिसिपी नदीवरील जहाजांतून पसरला. त्याच्या चकत्या प्रथम हाडाच्या व हस्तिदंताच्या, आणि शतकाच्या अखेरीस मातीच्या मिश्रणाच्या होऊ लागल्या. आज पणजीस मांडवी नदीत उभ्या असलेल्या कॅसिनोच्या जहाजांवर तशा चकत्या रात्रभर या हातातून त्या हातात फिरतात. जुगाराचे समर्थन मी करीत नाही. द्यूताने धर्मराजाची काय दशा केली हे शाळेत मुलांना सांगण्यातच माझे आयुष्य गेले. परंतु साधनाचा विचार वेगळा आहे, आणि त्या विचारासाठी पणजीहून फार लांब जावयास नको. गोव्याची सीमा ओलांडताच सावंतवाडी लागते, आणि सावंतवाडी म्हटली की गंजिफा आल्या.

गंजिफा म्हणजे आपल्या देशातील गोल पत्ते. खेळ इराणकडून आला. बाबराने इ. स. १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनास गंजिफा धाडल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. अकबराच्या काळी अबुल फजलने ‘ऐन-इ-अकबरी’त बारा रंगांच्या, प्रत्येकी बारा पानांच्या, म्हणजे एकूण १४४ पानांच्या गंजिफांचे वर्णन केले आहे. पुढे मोगली गंजिफा आठ रंगांची व ९६ पानांची रूढ झाली. तिच्या रंगांत ताज व शमशेर आहेत, तसेच रुप्याचे नाणे, सोन्याचे नाणे, वरात आणि किमाश, म्हणजे कापडचोपडही आहे. तख्तापासून खजिन्यापर्यंत अवघा राज्यकारभार जणू मुठीत धरावयाचा!

आपल्या लोकांनी हा परकी खेळ घेतला आणि त्यास आपले रूप दिले. आठ रंगांच्या जागी दशावतार आले. दहा अवतार, प्रत्येकाचा एक राजा, एक प्रधान व एक्क्यापासून दश्श्यापर्यंत दहा पाने, अशी १२० पाने झाली. मत्स्यावतारास मासा, कूर्मास कासव, परशुरामास परशू, अशा खुणा. तिघे बसले तर प्रत्येकाच्या वाट्यास चाळीस पाने येत. निम्म्या रंगांत दश्शी मोठी, तर निम्म्यांत एक्का मोठा. हुकूम म्हणून काही नाही. कोणती पाने पडून गेली हे ज्याच्या स्मरणात राहील, तो जिंकेल. दिवसा खेळावयाचे तर आरंभ रामाच्या राजाने आणि रात्री कृष्णाच्या. खेळता खेळता दहा अवतार पाठ होत व स्मरणशक्तीला धार चढे. आम्हां शिक्षकांना याहून अधिक काय हवे?

आता आपल्या प्रश्नाकडे वळू. गंजिफांचे पूर्वापार दोन प्रकार सांगतात: एक दरबार कलम आणि दुसरा बाजार कलम. दरबार कलमाची पाने हस्तिदंताची किंवा कासवाच्या पाठीची, सोनेरी रंगाने चितारलेली. ती राजेरजवाड्यांच्या हौसेची व नजराण्याची. बाजार कलमाची पाने ताडपत्राची, लाकडाची, अथवा कागदाचे वा कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवून केलेली. वर लाखेचा हात. ही गावगाड्याच्या ओसरीवरची. आमचे नळदुर्ग १९४८ पर्यंत ज्या निजामी राज्यात होते, त्याच राज्यातील निर्मळ हे गाव गंजिफांसाठी प्रसिद्ध होते.

या दोहोंपैकी टिकले कोण? देशोदेशींच्या वस्तुसंग्रहालयांत आपण पाहतो, त्या उत्तम गंजिफांत दरबारी पानांचा मान मोठा आहे. कारण उघड आहे. बाजारी पाने खेळून खेळून झिजली, कडा फुटल्या, एखादे पान हरवले आणि उरलेली चुलीत गेली. दरबारी पाने पेटीत राहिली म्हणून वाचली. तेव्हा संग्राहकांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. मुंबईत राहून कलासमीक्षा करणारे रुडॉल्फ फॉन लायडेन यांनी आयुष्यभर गंजिफा जमविल्या नसत्या, तर १९८२ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्यांचे प्रदर्शन भरते ना. पुण्याच्या दिनकर केळकरांनी घराघरांतून दिवे, अडकित्ते, दौती गोळा केल्या नसत्या, तर आपल्या आजीच्या संसाराचे रूप आपणांस कोठे दिसते?

परंतु नाण्याची दुसरी बाजू अशी की, पेटीने पान वाचविले, खेळ नव्हे. खेळ जिवंत ठेवला तो त्या झिजलेल्या, चुलीत गेलेल्या बाजारी पानांनी. हरवलेल्या पानाच्या जागी नवे पान करावयास घर चिताऱ्याकडे जाई, म्हणून चितारी जगे; आणि बाप मुलास डावाला बसवी, म्हणून नियम जगत. विलायती छापील पत्ते स्वस्त झाले, तेव्हा ही साखळी तुटली. बावन्न पानांचा जोड काही आण्यांत मिळू लागल्यावर हाताने चितारलेली १२० पाने कोण घेणार? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सावंतवाडीत ही विद्या जाणणारे पुंडलिक चितारी हे वृद्ध गृहस्थ जवळजवळ एकटे उरले होते.

अशा वेळी सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी ही कला हाती धरली. बडोद्याच्या गायकवाड घराण्यातील ही राजकन्या स्वतः त्या वृद्ध चिताऱ्याजवळ शिकली, आणि १९७०च्या दशकाच्या आरंभी राजवाड्यातच लाखकामाची कार्यशाळा सुरू झाली. तरुण कारागीर दरबाराच्या दालनात बसून अवतार रंगवू लागले. ज्या कलेची पाने एकदा दरबारासाठी बनत, तिला दरबारानेच आसरा दिला.

ही कामगिरी थोर आहे. तरीही एक गोष्ट मनाला टोचते. आज गंजिफांचा जोड घेणारा बहुधा तो भेट म्हणून देतो किंवा भिंतीवर चौकटीत लावतो. रामाचा राजा दिवसा आधी उतरतो, हे ठाऊक असणारी घरे किती? चित्र वाचले, डाव मात्र मागे राहिला.

हे मी दुसऱ्यास दोष देण्यासाठी सांगत नाही, कारण हाच अपराध माझ्या हातून घडला आहे. आमच्या घरी वडिलांच्या वेळच्या लाखेच्या सोंगट्या होत्या: तांबड्या, हिरव्या, पिवळ्या व काळ्या, चार-चार मिळून सोळा. माझी आई व आत्या श्रावणात सारीपाट मांडीत. एकदा मुलांच्या दंग्यात एक हिरवी सोंगटी हरवली. मी तेव्हा नवा शिक्षक, शिस्तीचा ताठा अंगात. उरलेल्या पंधरा धुऊनपुसून कपाटात ठेवल्या आणि कुलूप लावले. आईने दोनदा मागितल्या. “आणखी हरवतील,” असे म्हणून मी त्या दिल्या नाहीत. तिने तिसऱ्यांदा मागितल्या नाहीत.

परवा नातीने कपाटाशी उभे राहून विचारले, “आजोबा, हे कसे खेळतात?” पट कसा असतो, कवड्या कशा टाकतात, हे मी सांगितले. एका घरात दोन सोंगट्या जमल्या की त्यांचे जुग होते, येथवर आठवले. पण ते जुग कसे चालवावयाचे, कोणत्या दानाने फोडावयाचे, हे काही केल्या आठवेना. ते आईस ठाऊक होते. आता विचारणार कोणास? सोंगट्या पंधरा आहेत, चकाकी कायम आहे, आणि खेळ गेला आहे. हरवलेल्या एका सोंगटीच्या जागी शेतातला खडासुद्धा चालला असता, हे मला इतक्या वर्षांनी उमगले.

आमच्या नळदुर्गच्या किल्ल्यात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने १६१३ च्या सुमारास बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला. पावसाळ्यात नर व मादी या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळते, तेव्हा ते पाहण्यास दूरदूरचे लोक येतात. तो बांध शोभेचा, की पाणी अडविण्याचा? तो दोन्हींचा आहे. पाणी अडले, वाहिले, म्हणूनच त्या महालाला शोभा.

तेव्हा, श्रोतेहो, ज्यांच्या घरी मूल्यवान पेट्या असतील त्यांनी त्या अवश्य जतन कराव्या. हस्तिदंताचा व्यापार आज कायद्याने बंद आहे, तशी पाने पुन्हा व्हावयाची नाहीत. पण शेजारी एक साधा, झिजावयास मोकळा जोडही असू द्यावा, आणि ज्यांना नियम आठवतात त्यांच्यापुढे नातवंडांना बसवावे. आठवणारे आहेत, तोवरच हे होण्यासारखे आहे. आपल्याकडे म्हण आहे: जुग फुटले की सोंगटी मरते. खेळ आणि त्याचे साधन यांचेही असेच जुग आहे. मी ते माझ्या घरी फोडले. आपण फोडू नये, एवढेच सांगावयाचे होते.