फुंकायचं कुणी आणि फुंकायला लावायचं कुणी?

परवा बायपासच्या ढाब्यावर एका ट्रक ड्रायव्हरशी गप्पा झाल्या. पंचवीस वर्षं स्टेअरिंगवर काढलेला माणूस. म्हणाला, "साहेब, एका कंपनीत माल भरायला गेलो की गेटवरच मशीनमध्ये फुंकायला लावतात. पोलीस पण कधीमधी लावतात. पण पंचवीस वर्षांत माझ्या शेठनं एकदा पण विचारलं नाही, घेतलीय का म्हणून. शेठ फक्त विचारतो, कुठवर पोचलास."

हे डोक्यातून जाईना. मग चार रात्री अमेरिकेचा इतिहास वाचत बसलो, कारण तिथं शेठनं विचारलंच पाहिजे असा कायदा आहे. आणि तो कुणा शहाण्या माणसाला एका सकाळी सुचलेला नाही. एकेक कलम एकेका अपघातानं लिहून घेतलंय. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

सुरुवात रेल्वेपासून. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासूनच तिथल्या रेल्वे कंपन्यांत 'रूल जी' नावाचा नियम होता. कामावर दारू प्यायची नाही, पिऊन यायचं नाही, सापडलात तर नोकरी गेली. नियम कडक, पण तपासायचं कसं? साहेबाला वास आला तर आला. बरं, शिक्षा थेट बडतर्फीची, त्यामुळे बरोबरचा माणूस तोंड उघडायचा नाही. सोबत्याच्या पोटावर पाय कोण आणणार? 1979 साली सात मोठ्या रेल्वे कंपन्यांचा अभ्यास झाला. त्यात अंदाज निघाला की आठातला एक कामगार वर्षातून एकदा तरी ड्युटीवर प्यायला होता. 1972 ते 1983 या काळात किमान 21 मोठे रेल्वे अपघात असे झाले, ज्यांत दारू किंवा नशेचा हात होता. त्यांत 25 माणसं गेली. नियम मात्र भिंतीवर होताच.

म्हणून 1985 मध्ये तिथल्या केंद्रीय रेल्वे प्रशासनानं नवा नियम काढला: मोठा अपघात झाला की इंजिनावरच्या माणसांचं रक्त आणि लघवी तपासायचीच. कामगार संघटना कोर्टात गेल्या. त्यांचा मुद्दा फालतू नव्हता. संशय घ्यायला कारण नसताना सरकारनं माणसाची झडती घ्यायची नाही, हे त्यांच्या राज्यघटनेत आहे. घराची झडती नको, आणि अंगातल्या रक्ताची चालते?

हा वाद कोर्टात असतानाच 4 जानेवारी 1987 उजाडला. रविवार. नाताळ-नववर्षाच्या सुट्ट्या संपवून परतणाऱ्या लोकांनी भरलेली अॅमट्रॅकची गाडी वॉशिंग्टनहून बॉस्टनला निघाली होती. मेरिलँडमधल्या चेस गावाजवळ नदीवरच्या पुलाआधी चार रूळ कमी होऊन दोन होतात. तिथं बाजूच्या रुळावरून कॉनरेल या मालवाहू कंपनीची तीन मोकळी इंजिनं जोडीनं आली आणि लाल सिग्नल ओलांडून थेट मुख्य रुळावर जाऊन उभी राहिली. मागून अॅमट्रॅक येत होती ताशी 170 किलोमीटरच्या आसपास. 16 माणसं मेली.

कॉनरेलचा इंजिन ड्रायव्हर आणि ब्रेकमन, दोघांच्या तपासणीत गांजा निघाला. दोघंही आधी नाही म्हणाले होते, नंतर ड्रायव्हरनं कबूल केलं आणि तुरुंगात गेला. पण अजून एक गोष्ट सापडली, जी बातम्यांत मागे पडली. सिग्नल चुकला तर कॅबमध्ये वाजणारी शिट्टी चिकटपट्टी लावून दाबून टाकलेली होती. आणि सिग्नल मोडला तर आपोआप ब्रेक लागतील अशी यंत्रणा त्या मालवाहू इंजिनांवर नव्हतीच. सगळं बिल गांज्याच्या नावावर फाडणं सोपं होतं, आणि बऱ्याच लोकांनी ते फाडलं. (त्या मार्गावरच्या मालगाड्यांच्या इंजिनांना पुढे ती यंत्रणा सक्तीची केली, हे बरं झालं.)

आता यातली गंमत म्हणा की शोकांतिका म्हणा. 1985 चा नियम चेसला अगदी नियमाप्रमाणे चालला. नमुने घेतले, रिपोर्ट आला, दोष ठरला. पण सोळा माणसं गेल्यावर. पंचनाम्याला उपयोगी पडणारा नियम गाडी सुटायच्या आधी उपयोगी नव्हता. तिथून 'अचानक तपासणी' हा शब्द पुढे आला. कधीही, कुणाचीही, चिठ्ठी काढून.

नोव्हेंबर 1988 मध्ये अमेरिकेच्या वाहतूक खात्यानं विमानं, ट्रक, रेल्वे, जहाजं, पाइपलाइन, शहरी बस-मेट्रो सगळ्यांसाठी एकदम नियम काढले. त्यात एक भोक राहिलं. भर अमली पदार्थांवर. रेल्वे आणि जहाजं सोडली तर दारूची तपासणी नाहीच! गांजा बेकायदेशीर म्हणून वाईट, दारू दुकानात मिळते म्हणून चालते, असं काहीतरी डोक्यात असावं.

21 मार्च 1989 ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. सात विरुद्ध दोन मतांनी रेल्वेची तपासणी घटनेत बसते असं ठरलं. ज्याच्या हातात शेकडो लोकांचा जीव आहे, त्याच्या बाबतीत वॉरंटशिवाय तपासणी चालेल, असं बहुमत म्हणालं. न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी विरोधात लिहिलं आणि दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी वंशाच्या लोकांच्या छावण्यांची आठवण करून दिली. घाईच्या काळात सरकारं अशीच हक्कांवर हात टाकतात, असा त्यांचा रोख होता. मला तो निकाल पटतो, पण मार्शल यांचं मतही बाजूला टाकवत नाही. बाथरूममध्ये डब्बी घेऊन उभा राहणारा माणूस शेवटी कामगारच असतो, कंपनीचा डायरेक्टर नसतो.

निकालानंतर तिसऱ्या दिवशी अलास्कात एक्सॉन व्हाल्डीझ हे तेलवाहू जहाज खडकावर चढलं. कॅप्टन प्यायला होता असा आरोप झाला, पण त्याचं रक्त घेतलं दहा तास उलटून गेल्यावर. पुढे ज्युरीनं नशेच्या आरोपातून त्याला सोडलं. प्यायला होता की नव्हता, हे कायमचं वादात राहिलं. मार्च 1990 मध्ये नॉर्थवेस्ट कंपनीच्या विमानाचे तिन्ही वैमानिक रात्री बारमध्ये बसून सकाळी प्रवासी घेऊन फार्गोहून मिनियापोलिसला उडाले. उतरल्यावर अटक झाली. कॅप्टन तुरुंगात जाऊन आला, दारू सोडली आणि पुढे त्याच कंपनीनं त्याला परत कामावर घेतलं. हे लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

त्याच वर्षी जानेवारीत एका अपील कोर्टानं शहरी बस-मेट्रोचे नियम रद्द केले होते. कारण तांत्रिक. त्या खात्याला कायद्यानं तेवढे अधिकारच दिलेले नव्हते. आणि 28 ऑगस्ट 1991 च्या मध्यरात्रीनंतर न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेची गाडी युनियन स्क्वेअरजवळ रुळावरून घसरली. पाच ठार, दोनशेच्या आसपास जखमी. मोटरमन आधीची स्टेशनं पुढे-मागे थांबवत आला होता. अपघातानंतर तो चालत निघून गेला. काही तासांनी सापडला, आणि उशिरा घेतलेल्या नमुन्यातही दारू 0.21 निघाली.

त्यानंतर बरोबर दोन महिन्यांनी, 28 ऑक्टोबर 1991 ला, थोरल्या बुश यांनी कायद्यावर सही केली. सिनेटमध्ये हॉलिंग्ज आणि डॅनफर्थ हे दोन वेगळ्या पक्षांचे लोक त्यासाठी झगडत होते. अधिकार नाही हे कारण संपलं, दारूही आत आली. ट्रकवाल्यांसाठी मोठ्या कंपन्यांना 1995 पासून आणि छोट्यांना 1996 पासून तो लागू झाला.

त्यात माझ्या मते मुख्य गोष्ट ही, की बोजा मालकावर टाकला. ड्रायव्हर ठेवायच्या आधी तपासायचा मालकानं. चिठ्ठ्या काढायच्या मालकानं. आज ट्रकच्या धंद्यात वर्षाला चालकांच्या निम्म्या संख्येइतक्या नशेच्या आणि दहा टक्के दारूच्या तपासण्या व्हाव्या लागतात. शंभरात एकापेक्षा कमी सापडायला लागले म्हणून नशेचं प्रमाण मध्यंतरी पंचवीस टक्क्यांवर आणलं होतं, परत जास्त सापडले तेव्हा 2020 पासून पन्नासवर नेलं. अपघातानंतर दारूची तपासणी आठ तासांच्या आत, नाही झाली तर का नाही झाली ते लिहून ठेवायचं. एक्सॉनचं भूत त्या आठ तासांत दिसतं की नाही सांगा. एकच ट्रक असलेला, स्वतःच मालक आणि स्वतःच ड्रायव्हर, तोसुद्धा सुटत नाही. त्यानं इतरांबरोबर एका गटात नाव घालायचं, म्हणजे चिठ्ठी त्याच्या हातात राहत नाही.

सापडला तर गाडीवरून लगेच खाली. पण रस्ता बंद नाही. तज्ज्ञाकडे जायचं, उपचार घ्यायचे, परत तपासणी, मग कामावर, आणि पहिल्या बारा महिन्यांत किमान सहा अचानक तपासण्या. रूल जी मध्ये जे नव्हतं ते हे.

तरी पळवाट निघालीच. एका कंपनीत सापडायचं, राजीनामा द्यायचा, शेजारच्या गावात दुसरी कंपनी गाठायची. ती बंद करायला 6 जानेवारी 2020 पासून एक केंद्रीय नोंदवही सुरू झाली. नवा माणूस घेताना मालकानं ती बघितलीच पाहिजे.

सगळं गोड आहे असं नाही. गांजा लघवीत कितीतरी दिवस राहतो, त्यामुळे रविवारी ओढलेला पुढच्या शुक्रवारी सापडतो, शुद्धीत असला तरी. बऱ्याच राज्यांत गांजा आता कायदेशीर आहे, ट्रकवाल्याला मात्र चालत नाही. आणि झोपेची तपासणी कुठल्याच डब्बीत होत नाही.

आता आपल्याकडे. आकड्यात आपण मागे नाही उलट पुढे आहोत. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 मध्ये मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम, म्हणजे 0.03. अमेरिकेत ट्रकवाल्याला 0.04. आपला लोको पायलट ड्युटीवर हजर होताना फुंकतो, विमानाचे वैमानिकही तपासले जातात. प्रश्न रस्त्याचा आहे. कलम 185 स्टेअरिंगवरच्या माणसाला धरतं, आणि धरायला रस्त्यावर पोलीस उभा असावा लागतो. गाडी गॅरेजमधून सुटताना तिथं कोण उभा असतो?

मी गावातल्या तीन ट्रॅव्हल्सवाल्यांना विचारलं. एक हसला. दुसरा म्हणाला, "आमचे ड्रायव्हर माळकरी आहेत हो." तिसऱ्यानं खरंच टेबलाच्या खणातून मशीन काढून दाखवलं, पाच वर्षांपूर्वी आणलेलं. सुरू केलं तर सेल संपलेले. त्यानं तिथल्या तिथं पोराला सेल आणायला पाठवलं, मी होतो तोवर तरी पोरगा आला नव्हता.

ट्रान्सपोर्टच्या धंद्यात कुणी असेल तर सांगा, तुमच्याकडे गाडी सुटताना कोण तपासतं? नाव टाकायचं नसेल तर इनबॉक्समध्ये लिहा, दिवाळीच्या जादा गाड्या सुटायच्या आधी.