ट्रॅमाडॉल आणि अल्पसोडियमता
ट्रॅमाडॉल हे मध्यम ते तीव्र वेदनांवर दिले जाणारे ओपिऑइड गटातील औषध आहे. १९७७ साली ते पश्चिम जर्मनीत विक्रीस आले. भारतात २०१८ पासून ते अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत येते.

ओपिऑइड ग्राहींवर क्रिया करण्याबरोबरच ट्रॅमाडॉल चेतापेशींकडून होणारे सेरोटोनिनचे पुनर्ग्रहणही रोखते. वाढलेल्या सेरोटोनिनमुळे व्हासोप्रेसिन हे मूत्ररोधक संप्रेरक गरज नसताना स्रवत असावे, असे मानले जाते. मग मूत्रपिंडे पाणी धरून ठेवतात आणि रक्तातील सोडियमचे प्रमाण (सामान्यतः १३५ ते १४५ मिलिमोल प्रति लिटर) घटते. शरीरातले मीठ संपलेले नसते, ते विरळ झालेले असते. व्हासोप्रेसिनच्या अशा अनुचित स्रवणाचे वर्णन श्वार्ट्झ, बार्टर आणि सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाच्या दोन रुग्णांवरून केले होते.

ब्रिटनमधील रुग्णनोंदींवर आधारित, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ट्रॅमाडॉल घेणाऱ्यांची तुलना कोडीन घेणाऱ्यांशी करण्यात आली. पहिल्या तीस दिवसांत अल्पसोडियमतेमुळे रुग्णालयात दाखल होण्याचा धोका ट्रॅमाडॉल गटात सुमारे दुप्पट आढळला. वेदना आणि मळमळ यांमुळेही व्हासोप्रेसिन वाढते. त्यामुळे औषध न घेणाऱ्यांशी तुलना फसवी ठरली असती, आणि कोडीनची निवड येथे महत्त्वाची ठरते. तरीही हा निरीक्षणात्मक अभ्यास असून त्यातून कार्यकारणभाव निर्विवाद सिद्ध होत नाही. प्रत्यक्षात असे रुग्ण थोडेच असतात.

मळमळ, सुस्ती व गोंधळलेपणा ही लक्षणे खुद्द ट्रॅमाडॉलचीही असल्याने, विशेषतः वृद्धांमध्ये, सोडियमची तपासणी राहून जाते. थायाझाइड मूत्रल किंवा नैराश्यरोधी औषधे सोबत असल्यास धोका वाढतो. उपचारात औषध थांबवून पाणी मर्यादित केले जाते. सोडियम फार वेगाने वाढवल्यास मेंदूला इजा होऊ शकते.