ढेकूण मारायला धान्याच्या गोळ्या? थांबा, आधी हे वाचा

नोव्हेंबर २०२५. जर्मनीहून इस्तंबूलला फिरायला आलेल्या एका कुटुंबातल्या दोन लहान मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना उलट्यांचा त्रास सुरू झाला. काही दिवसांत चौघांचाही मृत्यू झाला. आधी संशय गेला रस्त्यावरच्या खाण्यावर. मग समजलं की ते राहत होते त्या हॉटेलात खालच्या एका खोलीत ढेकणांसाठी औषध मारलं होतं. तपासाचा रोख ॲल्युमिनियम फॉस्फाइडकडे वळला.

नाव अनोळखी वाटेल, वस्तू मात्र ओळखीची आहे. गोदामातल्या धान्याला कीड लागू नये म्हणून वापरतात त्याच या गोळ्या. हवेतला ओलावा लागला की त्यातून फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो. भारतात या गोळ्या सर्वसामान्यांना विकायला मनाई आहे. तरीही ‘एकदम जालीम उपाय’ म्हणून कुणीतरी त्या आणून देतं आणि त्या पलंगाखाली ठेवल्या जातात.

फॉस्फिन भिंतीतल्या फटींतून, पाइपच्या भोकांतून शेजारच्या खोलीत जातो. म्हणजे गोळ्या एकाने ठेवायच्या आणि जीव दुसऱ्याचा जायचा, असंही होऊ शकतं. मळमळ, उलट्या, छातीत दडपण, धाप लागणं ही लक्षणं. सुरुवातीला ती खाण्यातून झालेल्या विषबाधेसारखीच दिसतात आणि वेळ तिथेच जातो. त्यावर उतारा नाही.

आता दुसरी बाजू. ढेकूण चावल्यामुळे माणसात रोग पसरतो, असा पुरावा आजवर मिळालेला नाही. खाज येते, झोप उडते, डोकं फिरतं, हे सगळं खरं. पण त्यासाठी असा वायू घरात सोडणं कोणत्याच हिशोबात बसत नाही.

मग साधा स्प्रे मारून ढेकूण का जात नाहीत? एक तर त्यांना औषधांची सवय होते. डीडीटीला न जुमानणारे ढेकूण १९४७ मध्येच हवाईत सापडले होते, आणि आज घरगुती स्प्रेमध्ये असणाऱ्या पायरेथ्रॉइड गटातल्या औषधांचंही तेच झालंय. दुसरं, ढेकूण गादीपेक्षा फटींत जास्त असतात: पलंगाचे सांधे, प्लायवूडच्या कडा, बेडबॉक्सचे बिजागर, स्विचबोर्डच्या मागे. तिथे मादी अंडी चिकटवते. अंड्यांवर बरीच औषधं चालत नाहीत. उपाशीपोटीही ढेकूण कित्येक महिने तग धरतो, त्यामुळे खोली पंधरा दिवस बंद ठेवून काही साधत नाही.

त्यांना मारते ती उष्णता. चादरी, अभ्रे, कपडे ६० अंशांच्या पाण्यात धुवा. पलंग सुटा करून सांध्यांवर वाफ हळूहळू फिरवा. जुन्या लोखंडी खाटेवर आजी उकळतं पाणी ओतायची, ते बरोबरच होतं. गादी नुसती उन्हात टाकणं तितकं खात्रीचं नाही. वरचं कापड तापतं, आतला कापूस नाही. व्हॅक्युम क्लीनर असेल तर शिवणींवरून फिरवा आणि आतली पिशवी लगेच घट्ट बांधून बाहेर टाका. रॉकेल ओतू नका, आग लागते.

ढेकूण उडत नाही, उडीही मारत नाही. तो सामानातून येतो. जुना सोफा, प्रवासाची बॅग, पुण्यात ‘कॉट बेसिस’वर खोली बदलताना आलेली गादी. घरात घेण्याआधी शिवणी उलटून पाहा. काळे ठिपके, तपकिरी कात किंवा सफरचंदाच्या बीएवढा किडा दिसला तर ती वस्तू बाहेरच ठेवा.

पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवायचं ठरलं तर औषधाचं नाव विचारा, डब्यावरचं लेबल पाहा, फोटो काढून ठेवा. सांगायला टाळाटाळ केली तर परत पाठवा. अंड्यांतून पिल्लं बाहेर येतात म्हणून साधारण दोन आठवड्यांनी दुसरी फेरी लागते. लागून असलेल्या घरांनाही आधी कळवा, त्यांच्याकडेही तपासायला सांगा.

आणि आपल्या किंवा शेजारच्या घरात औषध मारल्यावर कुणाला उलट्या, धाप सुरू झाली तर सगळ्यांना आधी मोकळ्या हवेत काढा आणि थेट हॉस्पिटल गाठा. लेबलचा फोटो डॉक्टरांना दाखवा. फोटो नसेल तर किमान औषध मारलं होतं, एवढं तरी सांगाच.