मधलंच दिसेना! : हिरकणीवाडी, म्हातारपण आणि पीतबिंदूचा इतिहास

आज आपण आलोय रायगडाच्या पायथ्याशी, महाड तालुक्यातल्या हिरकणीवाडीत. १९९६ पासून गडावर जाणारा रोपवे इथूनच सुटतो. आणि गावाचं नाव त्या गवळणीचं, जी गडाचे दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्या बाळासाठी रात्री कडा उतरून घरी गेली. लोककथा आहे, सगळ्यांना पाठ आहे. आज ती जरा डोळ्यांच्या अंगाने बघू.

डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या मधोमध जेमतेम साडेपाच मिलिमीटरचा एक भाग असतो. त्याला मॅक्युला म्हणतात, मराठीत पीतबिंदू. अक्षर वाचणं, सुईत दोरा ओवणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं हे त्याचं काम. गंमत अशी की त्याच्या ऐन मध्यावर अंधारात बघणाऱ्या पेशी नसतातच. त्या असतात भोवताली. म्हणजे हिरकणीने रात्री कड्यावर वाट शोधली असेल, ती मुख्यतः नजरेच्या कडेने.

म्हातारपणी हा पीतबिंदू फार झिजला की माणसाकडे भर दुपारीही कडेचीच नजर उरते. आजी अंगणातून गोठ्यापर्यंत बरोबर जाते, पायरी चुकत नाही. पण नातू समोर उभा राहिला तर विचारते, ‘कोण रे तू?’ घरच्यांना वाटतं, आजी विसरायला लागली. कुणी तर म्हणतं, सोंग करते!

हा आजार डॉक्टरांनाही उशिराच दिसला. जिवंत माणसाच्या डोळ्याच्या आत बघायचं उपकरण जर्मनीच्या हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये जगापुढे आणलं. १८७४ मध्ये लंडनच्या हचिन्सन आणि टे यांनी वयस्क रुग्णांच्या दोन्ही डोळ्यांत, मधोमध होणाऱ्या या बिघाडाचं वर्णन केलं. आजार सापडला, पण पुढची शंभरएक वर्षं त्यावर करता येण्यासारखं फारसं काही नव्हतं. नंतर लेसर आला. त्याने गळक्या रक्तवाहिन्या जाळता यायच्या, पण त्यांच्याबरोबर तिथला पडदाही जळायचा.

खरी कलाटणी आली कॅन्सरच्या औषधातून. गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्या रोखणारं बेव्हॅसिझुमॅब २००४ मध्ये अमेरिकेत आतड्याच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं. डोळ्यातही नको त्या वाहिन्याच वाढतात ना? मग २००५ मध्ये मायामीच्या डॉ. रोझेनफेल्ड यांनी ते थेट डोळ्यात टोचून पाहिलं. २००६ मध्ये खास डोळ्यासाठीचं रॅनिबिझुमॅब मंजूर झालं, पण ते फार महाग. २०११ च्या मोठ्या चाचणीत स्वस्त बेव्हॅसिझुमॅब नजरेच्या बाबतीत जवळपास तेवढंच उपयोगी ठरलं. २०१५ मध्ये भारतातल्या इंटास कंपनीने रॅनिबिझुमॅबची स्वदेशी आवृत्ती बाजारात आणली.

मग वाडीवस्तीवर अडतं कुठे? आपल्या देशाने १९७६ मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्याचा मोठा भर मोतीबिंदूवर राहिला, आणि ते योग्यच होतं, कारण एका ऑपरेशनने नजर परत येते. शिबिरं झाली, लाखो लोकांना दिसू लागलं. पण त्यातून एक समजही पक्का झाला: म्हातारपणी दिसेना म्हणजे मोतीबिंदूच, तो पिकेल तेव्हा बघू. पीतबिंदूच्या बाबतीत हे ‘तेव्हा बघू’ महागात पडतं. मोतीबिंदूत भिंग गढूळ होतं, ते बदलता येतं. पडदा बदलता येत नाही.

या आजाराचे दोन प्रकार. कोरडा हळूहळू, वर्षानुवर्षं वाढतो. ओल्या प्रकारात नव्या वाहिन्या गळतात आणि काही आठवड्यांत मधली नजर जाऊ शकते. वर सांगितलेली इंजेक्शनं याच प्रकारावर चालतात, तीही वेळेत आणि पुन्हा पुन्हा घेतली तर. जिल्हा रुग्णालय अलिबागला, पडद्याचे तज्ज्ञ बहुतेक मोठ्या शहरांत. त्यामुळे महाड-पोलादपूरकडच्या घराला प्रत्येक फेरी म्हणजे एक दिवस, सोबतीला एक माणूस आणि बुडालेली मजुरी.

म्हणून एवढं करा. स्वित्झर्लंडच्या आम्स्लर यांनी १९४० च्या दशकात चौकटींचा एक कागद तयार केला, आजही तो वापरतात. तो हाताशी नसेल तर दाराची चौकट घ्या. आजीला चष्मा लावायला सांगा, एक डोळा झाकून चौकटीकडे बघायला लावा, मग दुसरा. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईटाचं झाकून नेतो. सरळ रेघ वाकडी दिसली किंवा मध्ये काळा डाग आला, तर शिबिराची वाट बघू नका. त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. आणि घरात कुणी बिडी-सिगारेट ओढत असेल तर ती सोडायला सांगा. या आजारात आपल्या हातातलं सगळ्यात मोठं कारण तेच.

भेटू पुढच्या भागात. तोवर, घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा: माझा चेहरा नीट दिसतो का?